अमेरिकी चित्रफितींची मराठी नोंदसूची : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

विसाव्या शतकातील अमेरिकेच्या इतिहासाच्या ज्या चित्रफिती आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात, त्यांतील निवडक फितींची मराठी नोंदसूची करण्याचे काम आजपासून सुरू केले. इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाला किंवा माहितीपटाच्या विद्यार्थ्याला एखादी फीत वर्गात लावण्यापूर्वी तिच्याविषयी जे ठाऊक असायला हवे, ते एका पानात मिळावे, एवढाच हेतू आहे. सामग्रीची उणीव नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने स्वतः तयार केलेल्या चित्रपटांना तिथल्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क लागू होत नाही. शिवाय १९२९ ते १९६७ या काळात आठवड्यातून दोनदा निघणारी युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीची न्यूजरील, म्हणजे चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या बातमीपटांची, मालिका कंपनीने सत्तरच्या दशकात राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वाधीन केली, त्यामुळे जवळजवळ चार दशकांचा दृश्य वृत्तान्त लोकांसाठी खुला झाला.

नोंदपत्राचा नमुना आज ठरवला. फीत कोणी चित्रित केली, कोणासाठी केली, कोणत्या प्रकारच्या फिल्मवर आणि किती वेगाने केली, आवाज मूळचा आहे की मागून जोडलेला, काय कापले गेले, आणि चित्रीकरण झाल्यापासून आजपर्यंत ती फीत कोणाच्या ताब्यात होती, हे रकाने आधी ठेवले आहेत. ‘फितीत काय दिसते’ हा रकाना मी जाणीवपूर्वक शेवटी टाकला. आधीचे रकाने रिकामे असतील तर शेवटच्या रकान्यात लिहिलेल्या मजकुरावर विसंबता येत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि सूचीतील प्रत्येक फितीला हीच कसोटी लावायची आहे.

६ जून

पहिले नोंदपत्र सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरील १९०६ च्या फितीचे केले. माइल्स बंधूंनी केबल कारच्या पुढच्या भागावर कॅमेरा बसवून फेरी इमारतीच्या दिशेने जाताना हे चित्रीकरण केले. घोडागाड्या, मोटारी, सायकली आणि रुळांवरून बिनधास्त धावणारी मुले एकाच रस्त्यावर दिसतात. ही फीत १९०५ च्या उन्हाळ्याअखेरीची असावी असे बराच काळ मानले जात होते. चित्रपट-इतिहासकार डेव्हिड कीन यांनी रस्त्यावरची ओल पाहिली आणि ती त्या शहराच्या कोरड्या महिन्यांशी जुळत नाही हे लक्षात घेतले. हवामानाच्या जुन्या बातम्या आणि फितीत दिसणाऱ्या मोटारींच्या नोंदणी क्रमांकांचा माग काढत त्यांनी दाखवून दिले की हे चित्रीकरण १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी झालेल्या भूकंपाच्या अवघे काही दिवस आधीचे आहे. फीत भूकंपापूर्वीच न्यूयॉर्कला रवाना झाली होती म्हणून ती वाचली. माइल्स बंधूंचा स्टुडिओ त्याच रस्त्यावर होता आणि तो नष्ट झाला.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. काही मोटारी कॅमेऱ्याभोवती वळसे घालून पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यामुळे रहदारी होती त्यापेक्षा दाट भासते. १९०६ सालच्या शहरी वाहतुकीचा पुरावा म्हणून ही फीत दाखवणाऱ्या शिक्षकाला हे ठाऊक असायलाच हवे, म्हणून तो मजकूर नोंदपत्रात ठळक केला आहे.

११ जून

हिंडेनबर्ग. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतील लेकहर्स्ट येथे उतरत असताना या वायूने भरलेल्या, हवेत तरंगणाऱ्या जर्मन हवाई जहाजाने पेट घेतला आणि ते सुमारे अर्ध्या मिनिटात जमिनीवर कोसळले. जहाजावरचे ३५ आणि जमिनीवरचा एक असे ३६ जण मरण पावले. जहाजावरील ९७ जणांपैकी ६२ वाचले, ही गोष्ट ती ज्वाळांची दृश्ये पाहिल्यानंतर कोणाला सहज पटत नाही, म्हणून तिची नोंद आवर्जून केली.

खरे काम आवाजाच्या रकान्याचे होते. हर्बर्ट मॉरिसन या रेडिओ निवेदकाचा रडवेला, तुटक आवाज या दृश्यांशी इतका एकजीव झाला आहे की तो कॅमेऱ्याबरोबरच ध्वनिमुद्रित झाला असावा असे वाटते. प्रत्यक्षात मॉरिसन शिकागोच्या एका रेडिओ केंद्रासाठी आले होते आणि त्यांचे निवेदन तबकडीवर वेगळे मुद्रित होत होते. न्यूजरील कंपन्यांच्या कॅमेरामननी टिपलेल्या दृश्यांशी ते नंतरच्या काळात जोडले गेले. ती तबकडी नंतर किंचित जास्त वेगाने वाजवली जात राहिली, त्यामुळे त्यांचा आवाज मुळापेक्षा पातळ ऐकू येतो. आणखी एक बाब : आग लागण्याचा नेमका क्षण एकाही न्यूजरील कॅमेऱ्यात नाही. सगळे कॅमेरे त्या वेळी उतरण्याच्या तयारीकडे रोखलेले होते. अपघाताच्या कारणाविषयी या फितीवरून ठाम निष्कर्ष काढणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

१४ जून

टॅकोमा नॅरोज पुलाची फीत. वॉशिंग्टन राज्यातला हा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात पिळवटून खाली आला. टॅकोमात कॅमेऱ्याचे दुकान चालवणारे बार्नी इलियट आणि हार्बिन मन्रो यांनी १६ मिलिमीटरच्या रंगीत कोडाक्रोम फिल्मवर ते टिपले. न्यूजरीलसाठी त्याच्या ३५ मिलिमीटरच्या कृष्णधवल प्रती निघाल्या. जगभरातले भौतिकशास्त्राचे विद्यार्थी या पुलाला कृष्णधवल रूपातच ओळखतात याचे कारण हे आहे.

इथे वेगाचा रकाना निर्णायक ठरतो. इलियट यांचा कॅमेरा सेकंदाला १६ फ्रेम या वेगाने चालला होता. प्रती करताना तो २४ फ्रेमचा धरला गेला, त्यामुळे प्रचलित प्रतींत पूल दीडपट वेगाने हेलकावतो. प्रत्यक्षदर्शींनी घड्याळ लावून मिनिटाला १२ आंदोलने मोजली होती. फितीवर मोजली तर १८ भरतात, आणि १२ ची दीडपट बरोबर १८ होते. ही तफावत २०१५ मध्ये भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांनी मांडली. म्हणजे पाऊणशे वर्षे हजारो वर्गांत जी हालचाल पाहिली गेली, ती त्या पुलाने त्या वेगाने केलेलीच नव्हती. हे नोंदपत्र लिहिताना मला मनापासून समाधान वाटले, कारण ज्याच्या हाती घड्याळ आहे असा कोणताही विद्यार्थी ते स्वतः पडताळू शकतो. प्रत वेग कमी करून दाखवावी, अशी स्पष्ट सूचना लिहिली.

२१ जून

सूचीतील ज्या नोंदपत्रासाठी मी सर्वाधिक वेळ राखून ठेवला होता, ते आज हाती घेतले. शिकागोच्या दक्षिण भागातील रिपब्लिक स्टील कारखान्यासमोर ३० मे १९३७ रोजी, मेमोरियल डेच्या रविवारी, संपकरी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्याची पॅरामाउंटच्या न्यूजरील कॅमेरामनने टिपलेली ही फीत आहे.

पार्श्वभूमी नोंदवली ती अशी. युनायटेड स्टेट्स स्टील या सर्वांत मोठ्या कंपनीने त्याच वर्षी मार्चमध्ये कामगार संघटनेशी करार केला होता. तुलनेने लहान पोलाद कंपन्यांनी मात्र तो नाकारला आणि मेच्या अखेरीस संप सुरू झाला. त्या रविवारी संपकरी आणि त्यांचे समर्थक, त्यांत स्त्रिया आणि मुलेही, ‘सॅम्स प्लेस’ नावाच्या जागी सभेला जमले. तिथून मोकळ्या माळावरून ते कारखान्याच्या दिशेने निघाले. वाटेत पोलिसांची रांग उभी होती. दहा जण मारले गेले. सिनेटच्या चौकशी समितीने पुढे नोंदवले की त्या दहांपैकी सात जणांना प्राणघातक गोळी पाठीत आणि तिघांना कुशीत लागली होती. समोरून लागलेली एकही नव्हती.

फीत सलग पाहिली, मग तुकड्या-तुकड्यांनी पाहिली. सुरुवातीला हातात झेंडे घेतलेली, सुट्टीच्या दिवसाच्या कपड्यांतली माणसे पोलिसांशी बोलताना दिसतात. मग गर्दी एकाएकी उलटी फिरते आणि पोलीस पळणाऱ्यांच्या मागे लागून दांडके चालवतात. पडलेल्या माणसांना मारले जात असताना कॅमेरा हललेला नाही. जखमींना उचलून, ओढून पोलिसांच्या गाडीत भरले जाते तो भाग पाहणे कठीण आहे, आणि वर्गात दाखवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्याची कल्पना द्यावी असे मी नोंदपत्रात लिहिले आहे.

२४ जून

‘ताब्यात कोणाच्या’ हा रकाना इतर नोंदपत्रांत दोन ओळींत संपतो. रिपब्लिक स्टीलच्या बाबतीत तोच इतिहास आहे.

पॅरामाउंटने ही फीत प्रदर्शित केली नाही. चित्रपटगृहांत तिच्यामुळे दंगे उसळतील, असे कारण कंपनीच्या संपादकाने पुढे केले. दरम्यान शिकागोतील पोलिसांची बाजू, म्हणजे चवताळलेल्या जमावाने कारखान्यावर हल्ला केला आणि पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या, ही देशभर पसरली. सिनेटर रॉबर्ट ला फोलेट (धाकटे) यांच्या नागरी स्वातंत्र्य समितीने समन्स काढून फीत मागवली. सेंट लुईसच्या ‘पोस्ट-डिस्पॅच’ या वृत्तपत्रासाठी लिहिणाऱ्या पॉल अँडरसन या पत्रकाराने जूनच्या मध्यास तिच्यातील दृश्यांचे वर्णन छापून आणले. लोकांनी ती फीत डोळ्यांनी पाहण्याआधी शब्दांतून पाहिली, आणि त्या वर्णनाने सरकारी कथनाला पहिला तडा गेला. २ जुलै रोजी समितीच्या सुनावणीत फीत दाखवण्यात आली. साक्षीला आलेल्या पोलीस अधिकाऱ्यांनी शपथेवर जे सांगितले होते आणि पडद्यावर जे दिसत होते, ते एकमेकांशी जुळत नव्हते.

यानंतर पॅरामाउंटने फीत प्रदर्शित केली, पण शिकागोसह काही शहरांत तिच्यावर बंदी आली. ज्या शहरात माणसे मारली गेली, तिथेच ती पाहता येत नव्हती. कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ज्युरीने मृत्यू समर्थनीय ठरवले आणि कोणत्याही पोलिसावर खटला झाला नाही. कॅमेरा न्याय मिळवून देतो अशी समजूत मुले सहज करून घेतात, म्हणून हा शेवटही नोंदपत्रात तितक्याच तपशिलाने लिहिला आहे. १९९७ मध्ये ही फीत अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाली, म्हणजे जतन करण्यायोग्य राष्ट्रीय ठेवा म्हणून तिला मान्यता मिळाली.

२६ जून

त्याच फितीबाबत एक महत्त्वाची पुरवणी. कॅमेरामन ऑर्लँडो लिपर्ट यांनी साक्षीत सांगितले की संघर्ष पेटला त्या काही सेकंदांत ते कॅमेऱ्याचे भिंग बदलत होते. म्हणजे पहिला दगड किंवा काठी कोणी फेकली, पहिली गोळी नेमकी केव्हा सुटली, हे फितीत नाही. बाजू मांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी या रिकाम्या सेकंदांचा आधार घेतला.

या खंडाची वेळ नोंदपत्रात स्वतंत्रपणे द्यायची, असे ठरवले. दोन दृश्यांमधला जोड सराईत नसलेल्या डोळ्यांना दिसत नाही आणि घटना अखंड पाहिल्याचा भास होतो. फितीत नसलेल्या क्षणाविषयी फीत काही सांगू शकत नाही. परंतु त्यानंतर जे आहे, म्हणजे पळणाऱ्या आणि पडलेल्या माणसांवर चाललेली दांडकी, त्याचा अर्थ त्या रिकाम्या सेकंदांमुळे बदलत नाही. वैद्यकीय पुराव्यातील पाठीवरच्या जखमा आणि फितीतील पाठमोरी गर्दी एकमेकांना आधार देतात. दोन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा शिक्षकाने ते शेजारी-शेजारी ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

३० जून

आज नष्ट झालेल्या फितींचे टिपण केले. ७ डिसेंबर १९७८ रोजी मेरीलँडमधील सूटलंड येथे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कोठारांना आग लागली आणि युनिव्हर्सल न्यूजरीलची सव्वा कोटी फुटांहून अधिक फिल्म जळाली. प्रदर्शित न झालेले, संपादनात वगळलेले चित्रीकरण त्यात होते. ते वाचले असते तर न्यूजरीलच्या संपादकांनी काय निवडले आणि काय टाकले हे आज मोठ्या प्रमाणावर तपासता आले असते. मला ही हानी प्रदर्शित फिती जळण्यापेक्षाही मोठी वाटते.

१९५० च्या सुमारापर्यंत ३५ मिलिमीटरची व्यावसायिक फिल्म नायट्रेटवर बनत असे. जळताना ती स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. पुण्यात याची आठवण वेगळ्याने करून द्यावी लागत नाही. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला लागलेल्या आगीत भारतीय सिनेमाच्या आरंभकाळातील नायट्रेट प्रती गेल्या. ‘सेफ्टी’ म्हणून आलेली अ‍ॅसिटेट फिल्म सहजासहजी पेट घेत नाही, परंतु दमट हवेत ती आतून कुजते, आक्रसते आणि तिला शिरक्याचा वास येऊ लागतो.

यातून सूचीला उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. १९२३ मध्ये आलेली १६ मिलिमीटरची आणि १९३२ मध्ये आलेली ८ मिलिमीटरची हौशी फिल्म पहिल्यापासून सेफ्टी प्रकारचीच होती. घरोघरी वापरायची वस्तू ज्वालाग्राही असून चालणार नव्हते. त्यामुळे सामान्य माणसांनी घेतलेली चित्रे अनेकदा मोठ्या कंपन्यांच्या चित्रांपेक्षा सुरक्षित राहिली. पुढची दोन नोंदपत्रे अशाच फितींची करतो.

५ जुलै

टोपाझ. १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांपैकी बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते, घरे सोडायला लावून छावण्यांत कोंडण्यात आले. सरकारने या कारवाईवर स्वतःचा लघुपट काढला. छावण्यांच्या प्रशासनाचे पहिले प्रमुख मिल्टन आयझेनहॉवर यांनी त्याचे निवेदन केले. त्यात सगळे शिस्तीत, शांतपणे आणि जणू संमतीने चालले आहे असे दिसते.

युटा राज्यातील टोपाझ छावणीत कैद असलेले डेव्ह टात्सुनो यांच्याकडे ८ मिलिमीटरचा कॅमेरा होता. कैद्यांना कॅमेरा बाळगण्यास मनाई होती. छावणीतील सहकारी दुकानाचे काम पाहणाऱ्या आणि स्वतः हौशी चित्रीकरण करणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या मदतीने तो आत आला. दुकानासाठी खरेदीला बाहेर जाण्याची मुभा टात्सुनो यांना होती. तिथून ते रंगीत फिल्म आणत. त्यांनी टिपलेली दृश्ये कुटुंबाची आहेत : बर्फात खेळणारी मुले, ‘मोची’ हा तांदळाचा जपानी पदार्थ बनवण्यासाठी तांदूळ कांडणारे लोक, धुळीने भरलेला वारा, चर्चमधून बाहेर पडणारी मंडळी. पहारेकऱ्यांच्या नजरेत येण्याच्या धास्तीने कुंपण आणि टेहळणीचे मनोरे चित्रित करणे त्यांनी टाळले.

ही फीत १९९६ मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाली. सरकारी लघुपट आणि टोपाझची फीत यांची नोंदपत्रे एकाच पानावर समोरासमोर छापायची आहेत. दोन्हींत हसरे चेहरे आहेत आणि दोन्हींत काटेरी तारा फारशा नाहीत. सरकारी फितीत त्या कैद करणाऱ्याच्या सोयीसाठी नाहीत आणि टोपाझच्या फितीत कैद झालेल्याच्या भीतीमुळे नाहीत. नुसते पाहून हा फरक कळणार नाही. ‘कोणी’ आणि ‘कोणासाठी’ हे रकाने भरल्याखेरीज या दोन फिती वर्गात दाखवू नयेत.

९ जुलै

रेव्हरंड सॉलोमन सर जोन्स यांच्या फिती. ओक्लाहोमातील हे कृष्णवर्णीय बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि व्यावसायिक. १९२४ ते १९२८ या काळात त्यांनी १६ मिलिमीटरवर आपल्या समाजाचे जीवन टिपले. येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांची २९ रिळे आहेत. चर्च सुटल्यावर दारातून एकेक करून बाहेर येणारी माणसे, शाळा, दुकाने, मिरवणुका, शेते, तेलविहिरी. १९२१ मध्ये टल्सा शहरातील ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने जाळली होती. जोन्स यांच्या फितींत ती काही वर्षांत पुन्हा उभी राहिलेली दिसते, आणि तिच्या रस्त्यांवरून दुकानदार अभिमानाने कॅमेऱ्याकडे पाहत उभे राहतात.

त्या दशकातील न्यूजरीलमध्ये कृष्णवर्णीय माणसे क्वचित आणि बहुधा हास्यास्पद रूपात येत. हा फरक विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी वेगळे निवेदन लागत नाही. जोन्स यांची रिळे मूक आहेत आणि ती मूकच दाखवावीत. मागाहून पियानो किंवा जॅझ जोडलेल्या प्रती वापरू नयेत, असे लिहिले आहे.

१६ जुलै

वॉशिंग्टन येथील २८ ऑगस्ट १९६३ च्या मोर्चावरचा जेम्स ब्लू दिग्दर्शित लघुपट. हा अमेरिकेच्या माहिती खात्याने परदेशांत दाखवण्यासाठी तयार केला. या खात्याची मुंबईतही शाखा होती. १९४८ च्या कायद्यानुसार या खात्याची निर्मिती खुद्द अमेरिकेत दाखवण्यास मज्जाव होता, आणि तो १९९० च्या सुधारणेनंतर सैल झाला. जवळजवळ अडीच लाख अमेरिकी नागरिकांनी काढलेल्या मोर्चाचे त्यांच्याच सरकारने केलेले हे चित्रण त्या नागरिकांना इतकी वर्षे उपलब्ध नव्हते, ही बाब मी पहिल्याच ओळीत घेतली आहे.

लघुपटाची मांडणी संयत आहे. मोर्चासाठी सँडविचे बांधून पेट्यांत भरणारे हात, रात्रभर प्रवास करून आलेल्या बसगाड्या, तळ्याच्या पाण्यात पाय सोडून बसलेली थकलेली माणसे यांच्यावर कॅमेरा रेंगाळतो. तरीही अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, काही सदस्यांना तो देशाची बदनामी करणारा वाटला आणि खात्याचे प्रमुख कार्ल रोवन यांचे प्रास्ताविक त्याला जोडण्यात आले. ते प्रास्ताविक असलेली प्रत आणि नसलेली प्रत यांची वेगळी नोंद करावी लागेल.

मराठी उपशीर्षके तयार करताना हक्कांचा प्रश्न आला. लघुपट सरकारी असल्याने मुक्त आहे, पण त्यात येणारे मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण मुक्त नाही. जाहीरपणे केले म्हणून त्यावरचा हक्क संपत नाही, असा निर्वाळा अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९९९ मध्ये दिला, आणि तो हक्क त्यांच्या वारसांकडे आहे. म्हणून निवेदनाची आणि गाण्याखेरीजच्या संवादांची उपशीर्षके पूर्ण केली, भाषणाचा भाग मोकळा ठेवला, आणि तो मोकळा का आहे हे नोंदपत्रात लिहिले. वारसांकडे परवानगी मागणारे पत्र तयार आहे, ते उद्या पाठवतो.